रखमीचे चॉकलेटी टोमॅटो

रखमीच्या परसात काही उगवायच्या आधीच ते अर्ध्या पाड्याला वाटून झालेलं असायचं. अर्थात तोंडानं! "यंदा दुधी माझ्याकडनंच न्या," असं ती सात घरी सांगून यायची, आणि वेलावर शेवटी दोन दुधी लटकायचे. त्यातला एक किडका!

पण रखमी खोटारडी नव्हती हो. तिला मनापासून वाटायचं की सात दुधी येणारच. वेलाला वाटायचं नाही, त्याला ती काय करणार?

सतरा सालच्या दिवाळीतली गोष्ट. रखमीची पुतणी सुषमा बोर्डीला एका चिकूवाडीत कामाला होती. वाडीच्या मालकानं मुंबईच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि त्या पाहुण्यांच्या ताटात रंगीबेरंगी काहीतरी हवं, म्हणून एका कोपऱ्यात बोराएवढे टोमॅटो लावले होते. पिवळे, केशरी, काळपट, नाना रंगांचे! वाघबारशीला सुषमा घरी आली ती कागदाच्या पुडीत चौदा बिया घेऊन.

"काकी, जपून लाव हां. साधं बी नाही. याला चॉकलेटी टोमॅटो येतात!"

"चॉकलेटी म्हंजे?"

"रंगानं गं. कोरा चहा कसा दिसतो? तसा."

रखमीनं पुडी कपाळाला लावली आणि संध्याकाळपर्यंत पाड्यातल्या नऊ घरांना टोमॅटो कबूल करून आली.

तिचा पाडा तलासरीहून उधव्याकडे जाताना आत वळून, डोंगराच्या पायथ्याशी. पाड्यावर चौथीपर्यंतची शाळा. त्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम रखमीकडे. घर शाळेला लागूनच होतं. मधे कुडाचं कुंपण, त्यालाही पोरांनी मांजर जाईल एवढं भोक पाडलेलं. शाळेच्या बोरिंगवर तांदूळ धुतले, टोप घासले की ते पाणी पाटानं थेट रखमीच्या परसात यायचं. तिथंच तिनं वाफा केला, शेणखत घातलं, चौदा बिया टाकल्या. सात उगवल्या.

आता शाळेची अवस्था सांगायला हवी. पटावर एकतीस पोरं, बसायला बारा. बाकीची बकऱ्यांमागे, नाहीतर नदीवर खेकडे धरायला. धनेश गुरुजी एकटेच चारही वर्ग सांभाळत. दिवाळीनंतर त्यांना वरून पत्र आलं. हजेरी अशीच राहिली तर ही शाळा नदीपलीकडच्या शाळेत मिळवायचा विचार होईल! गुरुजींनी ते पत्र रखमीलाच वाचून दाखवलं, कारण दुसरं मोठं माणूस शाळेत नव्हतंच.

"म्हंजे चूल पण तिकडेच जाईल?" रखमीनं विचारलं.

"चूल तिकडे आहेच. तिथं शिजवणारी पण आहे."

रखमीच्या हातातला डाव खिचडीतच राहिला. शाळा गेली की गुरुजींना दुसरं गाव मिळेल, पण तिला दुसरी शाळा कुठून मिळणार? आणि नदीला पाणी चढलं की पहिलीतली पोरं पलीकडे जाणार कशी?

काहीतरी करायला हवं होतं. ते तिनं दुसऱ्याच दिवशी केलं, नेहमीप्रमाणे तोंडानं!

जेवणाच्या सुट्टीत रूपी कुंपणाच्या भोकातून डोकं घालून वाफ्याकडे बघत होती. रूपी दुसरीतली. जीभ मात्र सातवीतली.

"मावशी, काय लावलंस?"

"टोमॅटो."

"ह्या!"

"ह्या काय? चॉकलेटी टोमॅटो आहेत ते! आख्ख्या तालुक्यात कोणाकडे नाहीत. लागले की खिचडीबरोबर एकेकाला दोन दोन देईन. पण रोज शाळेत येणाऱ्याला हां! एक दिवस चुकला की नाव कटाप!"

रूपीचे डोळे पुरीसारखे फुगले. ती थेट वर्गात गेली. गुरुजी तांदळाच्या नोंदीत मान खुपसून बसले होते.

"गुरुजी, चॉकलेट झाडाला लागतं?"

"लागतं ना," गुरुजी मान वर न करता म्हणाले. "कोकोचं झाड असतं. त्याच्या फळाचं चॉकलेट होतं. जा, जागेवर बस."

झालं! खुद्द गुरुजींनीच सांगितल्यावर आणखी कुणाला विचारायचं राहिलं?

दुसऱ्या दिवशी शाळेत एकोणीस पोरं आली. त्याच्या पुढच्या दिवशी पंचवीस. आठवड्याभरात एकतीसच्या एकतीस! ज्यांच्याकडे बकऱ्या होत्या, त्यांनी बकऱ्या बरोबरच आणल्या आणि आंब्याला बांधल्या. ज्यांच्या कडेवर धाकटी भावंडं होती, ती भावंडांसकट आली. नंतर नदीपलीकडच्या शाळेची चार पोरं इकडे येऊन बसली. चौथी पास होऊन दोन वर्षं झालेले, मिसरूड फुटायला आलेले तिघे मागच्या ओळीत मांडी घालून बसले. गुरुजींनी विचारलं तर म्हणाले, "गुरुजी, पाढे विसरलो." एकूण झाली अडतीस. बस्करपट्ट्या पुरेनात!

गुरुजी हरखून गेले. त्यांनी नुकतंच खंजिरीवर म्हणायचं अंकांचं एक गाणं बसवलं होतं. हजेरी वाढली ती गाण्यामुळेच, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

"रखमीताई, बघितलंत? पोरांना गोडी लागली!"

"लागणारच की!" रखमी म्हणाली. तिनं त्याच आठवड्यात खिचडीला लसणाची फोडणी द्यायला सुरुवात केली होती. "मी म्हटलंच होतं, लसूण पडला की चव फिरते."

"मी गाण्याबद्दल बोलतोय."

"हां, ते पण असेल थोडंफार."

दोघंही आपापल्या जागी इतकी खूश होती की खरं कारण पोरांना विचारावं, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

इकडे वाफ्यावर पोरांचा खडा पहारा! रखमीच्या परसात आजवर काही नीट आलं नव्हतं ते बकऱ्या आणि बुलबुलांमुळे. आता बकरी कुंपणाला नाक लावायचा अवकाश, सहा पोरं धावायची. पोरं झाडांना काठ्यांचा आधार देत, अळ्या वेचत. दिवसाला इतकं पाणी घालत की रखमीला ओरडावं लागे, "अरे, बुडवता का त्यांना?" एकानं तर मुळाशी साखर पुरली. तिला ज्या मुंग्या लागल्या, त्या मारण्यात रखमीचा एक अख्खा रविवार गेला. आणि रूपीनं तिच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारायला सुरुवात केली. एक फळ दिसलं की एक रेघ.

"माझी सारवलेली भिंत!" रखमी कळवळली.

"मग मोजायचं कुठं?" रूपीनं विचारलं.

पौष सरताना फळं रंगली. आधी हिरवी, मग विटकरी, मग खरोखरच कोऱ्या चहासारखी! घोसच्या घोस! रखमीच्या आयुष्यात पहिल्यांदा कबूल केल्यापेक्षा जास्त पीक आलं होतं. ती दिवसातून चार वेळा बघून यायची आणि एकटीच हसायची.

आणि तेव्हाच गुरुजी धापा टाकत आले. त्यांनी वर पाठवलेला अहवाल तालुक्याच्या सभेत वाचला गेला होता. हजेरी तिपटीनं वाढवणारी शाळा बघायला सव्वीस जानेवारीनंतरच्या सोमवारी विस्तार अधिकारी मॅडम स्वतः येणार होत्या!

"आता शाळा कुठं जात नाही, रखमीताई!"

त्याच दुपारी बुधीबाई काठी टेकत आली. पाड्यात सगळ्यात म्हातारी तीच. ती वाफ्यासमोर बसली, एकेका घोसाकडे निरखून बघत राहिली आणि म्हणाली, "रखमे, मला दात नाहीत. मऊ बघून दे. चघळीन."

"देईन की. पण टोमॅटो काय चघळतेस?"

"टोमॅटो कशाला? चॉकलेट ना हे?"

रखमी हसली. मग हसायची थांबली.

"कोण म्हणालं?"

"आख्खा पाडा म्हणतोय. माझी पणती रोज त्यासाठीच तर शाळेत जाते. म्हणते, मावशी चॉकलेट देणार. गुरुजींनी पण सांगितलंय, चॉकलेट झाडालाच लागतं."

"अगं बुधीबाई, चॉकलेट नाही! चॉकलेटी!"

"मग मी काय वेगळं म्हटलं?"

"रंग गं, रंग!"

"रंग कसला? होळीला अजून महिना आहे."

रखमीच्या आत्ता ध्यानात आलं. लसूण नाही, गाणं नाही. चॉकलेट! तिनं एक फळ तोडून तोंडात टाकलं. लुसलुशीत, रसरशीत, मधे किंचित गोड. पण टोमॅटो तो टोमॅटोच! तिनं सुषमाला फोन लावला.

"सुषमा, हे अजून गोड होतात का गं? झाडावर ठेवले तर?"

"होतात थोडे."

"चॉकलेटएवढे?"

"काकी, तुला बरं नाहीये का?"

संध्याकाळी रखमीचा नवरा बाबल्या उंबरगावच्या कारखान्यातून आला. रखमीनं चहाबरोबरच सगळं त्याच्यापुढे ओतलं. बाबल्या थोडं बोलणारा माणूस.

"खरं सांगून टाक."

"सांगितलं की उद्यापासून पोरं बकऱ्यांमागं! सोमवारी मॅडम काय रिकाम्या बस्करपट्ट्या मोजणार? शाळा जाईल ती माझ्या तोंडामुळे जाईल!"

"मग गोड कर त्यांना," बाबल्या म्हणाला आणि चहा पिऊ लागला.

तो चेष्टेनं म्हणाला होता. पण रखमीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला!

"येताना चॉकलेटं घेऊन ये. पुष्कळ!"

बाबल्यानं आणली. आता बाबल्याच्या लेखी चॉकलेट म्हणजे काचेच्या बरणीतल्या त्या तपकिरी, कडक, चिकट गोळ्या, ज्या एकदा दाताला धरल्या की दात सोडत नाहीत. त्यानं दोन पिशव्या भरून आणल्या.

सोमवार उजाडला. रखमीनं खिचडी लवकर उरकली आणि दुसऱ्या चुलीवर छोट्या टोपात सगळ्या गोळ्या वितळायला घातल्या. काय वास सुटला म्हणता! तपकिरी पाक रटरट उकळायला लागला. तिनं झाडावरचे साठ टोमॅटो तोडून धुतले, पाकात सोडले, डावानं हलवले. प्रत्येक टोमॅटो नव्या चपलेसारखा चकचकीत! आता एकेक काढून ताटात गार करायचा, की चॉकलेटही झालं आणि टोमॅटोही! आपल्या हुशारीचं तिला इतकं कौतुक वाटलं की ती क्षणभर डाव धरून नुसतीच उभी राहिली.

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. मॅडम तासभर आधीच आल्या होत्या!

रखमीनं टोप खाली उतरवला, डाव तसाच आत ठेवून झाकण टाकलं आणि ओवाळायचं ताट आणायला घरी पळाली.

पागी मॅडम मूळच्या समुद्राकाठच्या, वरोरच्या. आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीतल्या माणसानं मागे वळून बघावं. ओवाळून घेऊन त्या वर्गात शिरल्या. अडतीस पोरं उभी राहिली आणि बाहेरच्या बकऱ्यांनीही सलामी दिली. गुरुजींनी खंजिरी उचलली, गाणं झालं. मॅडमनी मान डोलावली आणि पहिल्या ओळीत बसलेल्या रूपीला विचारलं, "काय गं, शाळेत यायला आवडतं?"

"हो!"

"का आवडतं?"

गुरुजी खंजिरी छातीशी धरून उत्तराची वाट बघत होते. दारात उभी असलेली रखमी डोळे मिटून देवाचं नाव घेत होती.

"चॉकलेटसाठी!" रूपी खणखणीत आवाजात म्हणाली.

मॅडम सावकाश गुरुजींकडे वळल्या.

"अच्छा! असा आहे होय तुमचा उपक्रम? पोरांना चॉकलेटं चारून हजेरी वाढवता? आणि वर अहवाल पाठवता!"

"नाही मॅडम! गाणं... गाण्यामुळे..." गुरुजींचा चेहरा खडूच्या डबीत पडल्यासारखा झाला होता.

मॅडमनी नाक वर करून हवा हुंगली. "मग हा वास कसला येतोय?"

आणि त्या तरातरा स्वयंपाकाच्या शेडकडे निघाल्या. मागे गुरुजी, त्यांच्या मागे रखमी, तिच्या मागे अडतीस पोरं! मॅडमनी छोट्या टोपाचं झाकण उचललं. आत डाव ताठ उभा होता, झेंड्याच्या खांबासारखा. त्यांनी डाव धरून उचलला, तर त्याच्याबरोबर टोपही उचलला गेला! मॅडमच्या हातात तो अधांतरी लोंबकळत राहिला. आतला पाक दगड झाला होता आणि त्यात साठ टोमॅटो भिंतीत चिणल्यासारखे बसले होते.

"हे काय आहे?"

"च... चटणी," रखमी म्हणाली.

"पोरांना द्यायच्या आधी मी चाखून बघणार. नियम आहे!"

"नको मॅडम!"

पण मॅडमना नको म्हटलं की तेच करायची सवय असावी. त्यांनी चुलीजवळच्या पाट्यावरचा वरवंटा उचलून एक फटका मारला. एक टवका उडाला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि कचकन चावला.

एकदाच चावला. पुन्हा तोंड उघडेचना!

मॅडमनी जबडा डावीकडे सरकवून पाहिला, उजवीकडे सरकवून पाहिला. डोळे मोठे झाले. "म्म्म!" एवढाच आवाज आला. गुरुजींना वाटलं, आवडली. ते म्हणाले, "आणखी एक देऊ मॅडम?"

पण रखमीला कळलं की आता बोलायचं तर हीच वेळ. मॅडमचं तोंड मोकळं असतं तर तिला एक वाक्य पुरं करता आलं नसतं. ती हात जोडून सुरू झाली आणि थांबलीच नाही. सुषमाची पुडी, चहाचा रंग, वरून आलेलं पत्र, कोकोचं झाड, बुधीबाईचे दात, बाबल्याच्या गोळ्या... सगळं!

"चॉकलेट नव्हतंच हो मॅडम, चॉकलेटी होतं! गुरुजींना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना गाण्यामुळे वाटत होतं, मला लसणामुळे. चूक माझ्या तोंडाची आहे. पण शाळा नका नेऊ. ही एवढाली पोरं पावसात नदी कशी ओलांडतील? मला काढा पाहिजे तर, पण शाळा राहू द्या!"

मॅडम ऐकत होत्या. दुसरं काही करताच येत नव्हतं त्यांना. शेवटी तांब्याभर कोमट पाणी तोंडात धरून त्यांनी दात सोडवले आणि पहिलं वाक्य बोलल्या, "झाडं कुठं आहेत?"

सगळी वरात परसात आली. मॅडमनी एक चॉकलेटी टोमॅटो तोडला, पदराला पुसला, जपून, अगदी जपून चावला. त्यांचा चेहरा बदलला.

"अहो, हे सुकटीत काय लागतील!" मग पोरांकडे बघून म्हणाल्या, "आहेत किती?"

गुरुजी मोजायला पुढे सरकणार, तेवढ्यात रूपी म्हणाली, "एकशेबारा होते. साठ मावशीनं तोडले. राहिले बावन्न. एक तुम्ही खाल्लात. एक्कावन्न!"

गुरुजी तिच्याकडे बघतच राहिले. गाण्यात ती विसाच्या पुढे कधी गेली नव्हती!

पोरांनी एकेक टोमॅटो घेतला. रखमीचा जीव टांगणीला. आता थुंकतील, आता रडतील! पण कुणी थुंकलं नाही. रूपीनं फ्रॉकच्या खिशातून मीठ-तिखटाची पुडी काढली, सगळ्यांनी त्यात बुडवून टोमॅटो खाल्ले आणि बोटं चाटली. जीपच्या ड्रायव्हरनं दोन उचलले. बुधीबाईनं आपला वाटा हिरड्यांनी चेपून खाल्ला आणि "चॉकलेटापेक्षा मऊ आहे," म्हणाली.

जाताना मॅडमनी चार टोमॅटो बियांसाठी पर्समध्ये टाकले, पलीकडची चार पोरं त्यांच्या शाळेत परत पाठवायला सांगितली, मिसरूडवाल्या तिघांना पाचवीत जायचा दम भरला आणि शेरेबुकात लिहिलं: "उपस्थिती उत्तम. गणित उत्तम. परसबाग उत्तम. शाळा येथेच राहावी अशी शिफारस करीत आहे. चटणी मात्र तत्काळ बंद करावी."

मंगळवारी रखमीनं बारा जणांपुरतेच तांदूळ काढले. झाडावर आता मूठभर टोमॅटो उरले होते, चॉकलेटाचा खुलासा झाला होता. आता कोण येतंय?

घंटा झाली आणि एकतीस पोरं हजर! रखमी डाव घेऊन दारात आली. गुरुजीही हजेरीपट धरून गोंधळलेले. शेवटी त्यांनीच रूपीला विचारलं, "काय गं, आज कशाला आलात सगळे? चॉकलेट नाही हे कळलं ना?"

"ते तर कधीच कळलं होतं," रूपी म्हणाली. "पहिला पिकला तेव्हाच आम्ही चोरून खाल्ला. टोमॅटोच होता."

"आं? मग रोज येत होता ते?"

"सगळी इथंच असतात ना! घरी एकट्यानं काय खेळायचं?"

"आणि काल मॅडमना चॉकलेट कशाला सांगितलंस?" रखमी ओरडली. "जीव गेला असता की माझा!"

"मला वाटलं, त्यांच्या पर्समध्ये असेल," रूपी शांतपणे म्हणाली. "मोठ्या माणसांकडे असतं."

गुरुजींनी खंजिरी हळूच कपाटात ठेवली. लसणाबद्दल विचारावं असं रखमीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण रूपीनं तिच्या मागे चुलीवर डोकावून बघितलं आणि म्हणाली, "मावशी, एवढ्याशा भातात आमचं काय होणार? आणखी घाल ना!"